तायडे मिसचं क्रियापद

तायडे मिस स्टाफरूममध्ये शिरायच्या त्या कुठलं तरी भांडण अर्धवट टाकून आल्यासारख्या. पर्स टेबलावर आपटायची, पंखा पाचवर करायचा आणि समोर जो कोण बसला असेल त्याला विचारायचं, "बोला, काय म्हणता?" समोरचा बिचारा काहीच म्हणत नसायचा. पण त्या प्रश्नाने त्याला वाटायचं, आपण काल कुणापाशी तरी काहीतरी बोललो होतो आणि ते यांच्या कानावर गेलंय.

शाळा वाकोल्याची, इंग्रजी माध्यमाची. मी तिथे मराठी शिकवायचो. इंग्रजी माध्यमाच्या शाळेतला मराठीचा तास म्हणजे लग्नातली मंगलाष्टकं. नसली तर चालत नाही आणि चालू असताना सगळ्यांचं लक्ष जेवणाकडे. त्यामुळे मला रिकामा वेळ पुष्कळ असे आणि तो मी तायडे मिसकडे बघण्यात घालवला, असं म्हणायला हरकत नाही. मी पार्ल्याचा जोगळेकर. पार्ल्यापासून वाकोला म्हणजे रिक्षावाल्याशी एक वाद होईल एवढंच अंतर, पण आमच्या बिल्डिंगमध्ये "जोगळेकर वाकोल्याला शिकवतात" हे वाक्य मी सरहद्दीवर असल्यासारखं म्हटलं जायचं.

मिसची उंची बेताची आणि आवाज बेताबाहेरचा. अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी आणि पायात धावायचे बूट. नव्या प्रिन्सिपल सबनीस मॅडमनी एकदा भीत भीत बुटांचा विषय काढला. मिस म्हणाल्या, "साडीवर चप्पलच घालायची असं कुठे लिहिलंय? दाखवा, मी लगेच काढते." सबनीस मॅडमचं ठरलेलं उत्तर एकच असायचं, "बघू या." ते त्यांनी दिलं. विषय तिथेच मिटला.

माहेर अकोल्याकडचं. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते. चारचौघांत मिसचं मराठी आमच्यासारखंच, पण राग आला, हसू आलं किंवा भूक लागली की वऱ्हाडी बाहेर पडायची. एकदा मी विचारलं, "मिस, इतकं फर्डं इंग्रजी शिकलात कुठे?"

"रागात," त्या म्हणाल्या. "कॉलेजात एक प्राध्यापक होते. मले म्हणाले, तुम्ही सरकारी होस्टेलच्या मुली मराठी वाङ्मय घ्या, इंग्रजी तुम्हाला झेपणार नाही. मले असा राग आला ना जोगळेकर, मी एमए केलं. लोक रागात जेवण सोडतात. मी एमए केलं."

मिस्टर विमानतळावर कार्गोत होते. अत्यंत मितभाषी माणूस. मी त्यांना चारदा भेटलो असेन आणि चारही वेळा ते "या" एवढंच म्हणाले. "आमच्या घरात बोलायचा कोटा एकच होता," मिस सांगायच्या, "तो मी येतानाच घेऊन आले."

त्यांच्या शिकवण्याचा एक कायदा होता. शब्दाचा अर्थ विचारायचा नाही, वापर विचारायचा. गाईड वर्गात आणायला बंदी. "गाईडमध्ये शब्द मेलेला असतो. नुसता आडवा पडलेला. त्याला उठवून चालवून दाखवा मला." एखादा शब्द शिकवला की तो पंधरा दिवस शाळेत मोकाट सोडायच्या. पोरांनी तो जिन्यावर, मैदानात, डबा खाताना, कुठेही वापरायचा. चुकला तर हरकत नाही. न वापरला तर मात्र खैर नाही.

त्यातच एके वर्षी आठवीच्या इंग्रजीच्या पुस्तकात 'क्वेल' हा शब्द आला.

आमच्या दोन वर्गांच्या मध्ये प्लायवूडचं पार्टिशन होतं. पलीकडे मिस शिकवत असल्या की अलीकडे मी आणि माझा वर्ग, आम्ही सगळे इंग्रजीच शिकायचो. मी फळ्याकडे तोंड करून समास लिहीत उभा होतो आणि पलीकडून आवाज आला, "राजाने बंड क्वेल केलं. म्हणजे काय केलं?"

"शांत केलं, मिस!" सगळी पोरं एकसुरात.

"गाईड! कुणी आणलंय? आत ठेव ते. पॅसिफाय म्हणजे शांत करणे, सप्रेस म्हणजे शांत करणे, क्वेल म्हणजे पण शांत करणे. मग इंग्रजांनी एवढे शब्द कायले केले? टाईमपास? बघा. बाळ रडतंय, आई थोपटते, ते पॅसिफाय. तुम्ही दंगा करता, मी डोळे वटारते, तुम्ही गप्प बसता आणि मनातल्या मनात मला शिव्या देता. देता की नाही?"

पलीकडून दबकं हसू आलं.

"देता. ते सप्रेस. वर झाकण, आत उकळतंयच. आणि क्वेल म्हणजे संपलं. वरचं पण संपलं, आतलं पण संपलं. फार जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ठार मारणे असा होता."

पोरं एकदम खूश झाली. आठवीच्या वर्गाला ठार मारण्याइतका आवडता विषय नाही. माझ्या वर्गातल्यांनी पण माना वर केल्या.

"आता माणसं नाही मारत," मिस म्हणाल्या. "आता बंड मारतात, भीती मारतात, शंका मारतात, अफवा मारतात. माणूस शिल्लक राहतो. एवढी प्रगती केली इंग्रजी भाषेने. हजार वर्षं लागली, पण केली."

तेवढ्यात एका मुलीचा बारीक आवाज आला. रेश्मा तिचं नाव, तिसऱ्या बाकावरची, एरवी कधी न बोलणारी. "पण मिस, राजाने बंड क्वेल केलं म्हणजे माणसंच मारली असतील ना?"

पलीकडे खडूचा आवाज थांबला. मिस गप्प झाल्या की भिंतीतून सुद्धा कळायचं.

"बरोबर," त्या सावकाश म्हणाल्या. "मारलीच असतील. वाक्यात बंड लिहिलंय, मेलेली माणसं लिहिली नाहीत. म्हणून वाक्य वाचताना नेहमी कर्म बघायचं. क्वेल कोणाला केलं? भीतीला केलं की भिणाऱ्याला? क्रियापदाचं चारित्र्य कर्मावरून कळतं. लिहून घ्या."

पलीकडच्यांनी लिहून घेतलं. अलीकडच्यांनीही घेतलं. दुसऱ्या दिवशी माझ्या समासाच्या वहीत सतरा पोरांनी ते वाक्य द्वंद्व समासाखाली लिहिलेलं सापडलं. मी टिकमार्क केला. वाक्य चांगलं होतं.

मग पंधरा दिवस शाळेत क्वेलचा सुळसुळाट झाला. वाक्यं स्टाफरूममध्ये वाचून दाखवली जायची. 'माय मदर क्वेल्ड द मिल्क.' याला मिसनी अर्धा मार्क दिला, कारण दूध उतू जात होतं आणि ते एक प्रकारचं बंडच आहे. 'प्लीज क्वेल द फॅन.' शून्य. 'माय फादर क्वेल्ड माय अंकल्स मॅरेज.' या वाक्याला मिसनी पूर्ण मार्क दिले आणि खाली लाल शाईने लिहिलं, 'व्हाय? सी मी.' शब्द शाळेच्या बाहेर पडला. फाटकाशी एक आई दुसरीला सांगताना मी ऐकलं, "अगं, डब्यात दोन चपात्या जास्त दे ना. एकीने त्याची भूक क्वेल होत नाय." मी हे मिसना सांगितलं. त्या इतक्या खूश झाल्या की मला स्वतःच्या डब्यातली झुणका-भाकर दिली. झुणका असा जहाल की माझी भूकच काय, दुपारचे दोन्ही तास क्वेल झाले.

त्यांना हा शब्द नुसता शिकवता यायचा असं नाही. पालकसभेत एकदा दोन वडिलांची जुंपली. एकाच्या मुलाने दुसऱ्याच्या मुलाची सायकल नाल्यात घातली होती. आधी मराठीत झालं, मग हिंदीत, आणि शेवटी शाळेचा मान राखून दोघं इंग्रजीत आले. एक म्हणाला, "यू आर अ नॉनसेन्स!" दुसरा म्हणाला, "यू आर मोअर बिग नॉनसेन्स!" कॉलर धरली गेली. सबनीस मॅडम "बघू या, बघू या" करत खुर्चीमागे गेल्या. मी पुढे व्हावं की शिपायाला बोलवावं याचा विचार मी शिपायाच्या दिशेने चालत करत होतो.

तायडे मिस बसल्या जागेवरून म्हणाल्या, "नॉनसेन्सला 'अ' लागत नाही. ते मोजता येत नाही."

दोघं थांबले. कॉलर हातात तशीच.

"आणि मोअर बिग नाही. बिगर. पण नॉनसेन्स बिगर पण नसतो. आता नीट बोला. पहिल्यापासून."

पहिल्यापासून भांडणं जगात कुणालाच जमत नाही. पहिला गृहस्थ तोंडातल्या तोंडात शब्द जुळवायला लागला, दुसरा त्याची कॉलर सोडून सरळ करायला लागला, आणि एक बाई खुदकन हसली. संपलं. मिसनी चष्मा पुसला आणि पुढच्या पालकाला विचारलं, "बोला, काय म्हणता?"

पण त्यांचं सगळंच असं ऐटीत चालायचं असं मुळीच नाही. मिस पालीला घाबरायच्या. घाबरायच्या म्हणजे भयंकर. एकदा वह्यांच्या कपाटातून एक पाल टपकली आणि मिस एका क्षणात खुर्चीवर. खुर्चीवरून टेबलावर. बूट, साडी, चष्मा, सगळं वर.

"जोगळेकर! क्वेल इट!"

मी म्हटलं, "मिस, पाल क्वेल होत नाही. तुमची भीती क्वेल होईल. कर्म बघा."

"व्याकरण कायले शिकवून रायले बाप्पा! आधी तिले हाकला!"

मी झाडू घेऊन पाल हाकलली. टेबलावरून उतरायला त्यांना पाच मिनिटं लागली आणि उतरल्यावर म्हणाल्या, "तुमचं वाक्य बरोबर होतं. पण वेळ चुकली. बरोबर वाक्य चुकीच्या वेळी बोलणाऱ्याला इंग्रजीत काय म्हणतात माहितीय? पार्लेकर."

पुढे जे झालं ते त्या क्वेलच्या वर्षीच झालं, दिवाळीच्या सुट्टीनंतर.

सकाळची वेळ होती. आठवी मैदानात पीटीला गेली होती. मी खालच्या मजल्यावर होतो. वरून आवाज आला, डंपरमधून खडी ओतावी तसा. मग धूळ जिन्यातून खाली उतरली. सगळे एकमेकांकडे बघत असताना तायडे मिस माझ्या बाजूने धावत वर गेल्या. त्यांच्या मागे मी.

आठवीच्या वर्गाचं छत खाली आलं होतं. पूर्ण नाही, मधला भाग. वर गंजलेल्या सळया लोंबत होत्या. पंखा एका तारेवर तिरका लटकत होता. आणि तिसऱ्या बाकावर काँक्रीटचा एक तुकडा पडला होता, पाट्याएवढा. बाक मधोमध मोडलेलं.

मिस तिथपर्यंत गेल्या. मी म्हटलं, "मिस, मागे या, अजून पडेल." त्यांनी ऐकलं नाही. मोडलेल्या बाकावर हात ठेवून त्या उभ्या राहिल्या. हाताला धूळ लागली ती बघितली.

"इथे रेश्मा बसते," त्या म्हणाल्या. एवढंच. तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. बारीक, साधा, तुमच्याआमच्यासारखा.

शाळा सोडून दिली. मुलं घरी गेली आणि घरी जायच्या आत व्हिडिओ गेले. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुपारपर्यंत छतापासून इमारतीपर्यंत सगळं पडून झालं होतं. संध्याकाळी ट्रस्टचे सेक्रेटरी मांजरेकर आले. पांढरा शर्ट, कानात कायम ते फोनचं बोंडुक. त्यामुळे ते आपल्याशी बोलतायत की फोनवर, हे पहिल्या दोन वाक्यांत कळायचं नाही. त्यांनी मिसना ऑफिसात बोलावलं. सोबत मला, कारण नोटीस दोन्ही भाषांत काढायची होती.

"तायडे मिस," मांजरेकर म्हणाले, "तुमचा तो फेमस शब्द आहे ना, माझा भाचा पण बोलतो. क्वेल. उद्या सकाळी गेटवर गर्दी होणार. तुम्ही जरा पालकांना क्वेल करा."

"पालकांना नाही सर," मिस म्हणाल्या. "पालकांची भीती. कर्म चुकतंय."

मांजरेकर हसले. "तेच ते."

"तेच ते नाही."

त्यांनी एक मजकूर पुढे सरकवला. इंग्रजीत होता. किरकोळ देखभालीच्या कारणामुळे एका वर्गाची गैरसोय झाली असून शाळा उद्यापासून नियमित भरेल, अशा अर्थाचा. "मायनर मेन्टेनन्स इश्यू," असे त्यांचे शब्द.

मिसनी तो वाचला. "मायनर म्हणजे अल्पवयीन पण होतं सर. पंख्याखाली तेच बसतात."

"मिस, शब्दांशी खेळू नका हो. लोकांना घाबरवून काय फायदा? इंजिनीअर बघून जाईल ना."

"कधी?"

"जाईल."

"तो येईपर्यंत पोरं कुठे बसणार?"

"बाकीचे वर्ग ठीक आहेत."

"कोण म्हणालं?"

मांजरेकर कानातल्या बोंडकाला हात लावून "हां, बोला" म्हणाले. पलीकडे कोणी होतं की नव्हतं, देव जाणे. सबनीस मॅडम टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होत्या आणि त्या दिवशी "बघू या" सुद्धा म्हणाल्या नाहीत.

बाहेर आल्यावर मी मिसना म्हटलं, "काय करणार?" मला वाटलं, काहीतरी झणझणीत ऐकायला मिळेल. त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या. "जोगळेकर, मी हंगामी आहे. इतकी वर्षं झाली, दर जूनला नवीन नेमणूक. मिस्टर रिटायर झालेत. मले काही फार शूर व्हायची हौस नाही हो." थोड्या वेळाने उठल्या, साडी झटकली. "भूक लागली. चला, वडापाव खाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर गर्दी होती. पुढे आया, मागे वडील, त्यांच्या मागे ज्यांचा शाळेशी काही संबंध नाही असे लोक. ओरडाआरडा चालू होता. कोणीतरी फाटक हलवत होतं. मांजरेकरांनी मिसच्या हातात माईक दिला आणि तो मजकूर दिला. मिसनी मजकूर घडी करून कमरेला खोचला आणि माईक तोंडाजवळ नेला.

"छत पडलं," त्या मराठीत म्हणाल्या. "मी स्वतः बघितलं. पोरं मैदानात होती म्हणून वाचली. बाकीची छतं पडतील की नाही मला माहीत नाही. यांना पण माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. माहीत होईपर्यंत मी माझा वर्ग त्या मजल्यावर बसवणार नाही. मैदानात बसवेन." मग हेच सगळं हिंदीत सांगितलं.

भीती शमली म्हणता? अजिबात नाही. आधी नुसता ओरडा होता, आता भडका उडाला. "मुर्दाबाद" झालं. मांजरेकरांच्या गाडीवर कुणीतरी थाप मारली. मांजरेकर मिसच्या कानाशी येऊन म्हणाले, "हे काय केलंत तुम्ही?" मिस माईक खाली न घेताच म्हणाल्या, "थांबा. अजून वाक्य पूर्ण व्हायचंय." ते सगळ्यांना ऐकू गेलं.

मग पुढची एक बाई पुढे आली. बहुतेक तीच, चपात्यांवाली. "मिस, तुमची आठवी मैदानात बसणार. मग माझा पोरगा पाचवीत हाय, तो काय छताखाली बसणार?"

"त्याला पण आणा मैदानात," मिस म्हणाल्या. "सगळ्यांना आणा. ताडपत्री आहे कुणाकडे?"

आणि इथे काहीतरी बदललं. ज्याला ओरडायचं होतं त्याला एकदम काम मिळालं. एकाच्या भावाचा मंडपाचा धंदा होता. दुसरा म्हणाला, आमच्या विहाराचा हॉल दिवसा रिकामाच असतो. चर्चच्या आवारात शेड आहे, असं आणखी कुणी सांगितलं. फाटक हलवणाराच ते उघडून आत आला आणि बाकं खाली उतरवायला लागला. "खालच्या मजल्यावरचीच घ्या!" मिस ओरडल्या. "वर पाय ठेवायचा नाही कुणी!" तासाभराने मैदानात ताडपत्री लागली होती. सबनीस मॅडमनी स्वतः खुर्ची उचलून बाहेर आणली आणि त्यावर बसल्या. मी ताडपत्रीच्या एका टोकाला मराठी शिकवायला लागलो. माझ्या आयुष्यात एवढा मोठा वर्ग मला कधी मिळाला नाही. कारण मागे पालकही बसले होते आणि त्यांतले दोघं चक्क वही घेऊन.

पुढच्या आठवड्यात इंजिनीअर आला. तो हातोडीने छत ठोकत गेला आणि प्रत्येक ठिकाणी पोकळ वाजत गेलं. वरचा सगळा मजला सील झाला, खालच्या मजल्यांना लोखंडी टेकू लागले, उन्हाळ्याच्या सुट्टीत दुरुस्ती सुरू झाली. कुणाच्या डोक्यात काही पडलं नाही.

जूनमध्ये तायडे मिसना नेमणूक मिळाली नाही. कारण काय, तर विषयशिक्षकांची फेररचना. हा शब्दप्रयोग मराठीत कुणी केला हे मी शोधून काढलं नाही. मी नव्हता केला, एवढं नक्की.

ही बातमी पसरल्यावर पालक पुन्हा फाटकावर. या वेळी बोर्ड घेऊन. मिस नेमक्या त्याच दिवशी स्टाफरूममधली आपली चहाची किटली न्यायला आल्या होत्या. किटली हातात घेऊन त्या बाहेर पडल्या आणि बोर्ड बघून जागच्या जागी थांबल्या. त्यावर रंगीत अक्षरांत लिहिलं होतं, 'वुई वाँट्स तायडे मिस.'

"हे कोणी लिहिलं?" मिसनी विचारलं.

एक वडील अभिमानाने पुढे आले.

"वुई वाँट. एस काढा. हे घेऊन उभे राहिलात तर लोक म्हणतील, बरं झालं काढली हिले, हेच शिकवत होती."

मार्कर आणला गेला. एस खोडला. मिसनी बोर्ड लांबून बघितला, मान डोलावली. तोपर्यंत मांजरेकर आतून घाईघाईने आले. "मिस, तुम्ही आहात ते बरं झालं. तुमचं ऐकतात हे लोक. यांना जरा..."

"जरा काय सर?"

"म्हणजे, जरा शांत..."

"शब्द वापरा. तुम्हाला येतो तो."

मांजरेकरांनी शब्द वापरला नाही. मिस म्हणाल्या, "मी आता कामावर नाही सर. नोकरीत असते तरी हे केलं नसतं." मग पालकांकडे वळल्या. "बोर्ड बरोबर आहे आता. ओरडा." आणि किटली घेऊन निघून गेल्या.

पालक दुपारपर्यंत ओरडले. मग एकेक करून कामाला गेले. मिसना परत घेतलं नाही. मांजरेकर अजून सेक्रेटरी आहेत. या गोष्टीत कुणाला शिक्षा वगैरे होत नाही. व्हावी अशी माझीही फार इच्छा होती.

मिसनी विहाराच्या हॉलमध्ये इंग्रजीचा वर्ग सुरू केला. मी कधी कधी जाऊन मागे बसायचो. पोरं यायची, त्यांच्या आया यायच्या, एक निवृत्त पोस्टमन यायचा. रागाबद्दल मी एकदाच विचारलं. "नोकरी गेली त्याचं काय वाटतं मिस?"

"झोप लागत नव्हती पहिले काही महिने," त्या म्हणाल्या. "मिस्टर रोज पहाटे उठून चहा करून द्यायचे. काही बोलायचे नाहीत. मग एक दिवस बोलले. म्हणाले, तू तिथे बोलली नसतीस तर मला झोप लागली नसती. तीस वर्षांत एवढं लांब वाक्य बोलले ते. मले रडू आलं बाप्पा. व्याकरण पण बरोबर होतं."

दोन वर्षांपूर्वी त्या अकोल्याला भावाकडे गेल्या होत्या. तिथेच गेल्या. हृदयाचं काहीतरी झालं. मला रेश्माचा फोन आला. ती आता एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. "सर, मिस गेल्या," म्हणाली.

त्याच्या आदल्या हिवाळ्यात त्या मला शेवटच्या दिसल्या. मी गोराईला एका विद्यार्थ्याच्या लग्नाला गेलो होतो आणि दुपारी बोटीने बोरिवलीकडे परत येत होतो. खाडीच्या मध्यावर समोरून दुसरी बोट आली, पांढऱ्या साड्यांतल्या बायकांनी गच्च भरलेली. विहारातल्या मंडळींची सहल असावी. त्यांच्या मधोमध तायडे मिस. त्यांनी मला बघितलं आणि भरल्या बोटीत ताडकन उभ्या राहिल्या. बोट कलली. बायका किंचाळल्या. नाखवा ओरडला, "ए बाय, बस ना खाली! समद्यांना बुडवशील काय!" दोघी-तिघींनी पदर धरून ओढायला सुरुवात केली. मिस बसल्या नाहीत. एका हाताने शेजारणीचं डोकं घट्ट धरून, दुसरा हात हलवत, त्या मला मोठ्याने काहीतरी सांगत होत्या. दोन्ही बोटींची इंजिनं धडधडत होती. मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. बोटी लांब लांब होत गेल्या, तरी त्या उभ्याच होत्या आणि बोलतच होत्या, आणि मी इकडून जोरजोरात "हो, हो" म्हणत होतो.